मला खाली ठेव

आधीच स्पष्ट करतो : ज्याच्यापुढे लोक मेणबत्त्या लावतात, तो क्रूस मी नव्हे. माझ्यावर कधी कोणी मेले नाही. माझ्याखाली मात्र एक बाई एकवीस वर्षे मरत होती आणि मला ते थांबवता आले नाही. मला बोलायचे आहे ते त्याविषयी. स्वर ताठर वाटला तर वाटो. मी अल्गारोबोच्या लाकडाचा आहे आणि ते लाकूड रंधादेखील सुखासुखी लावून घेत नाही.

उंची नऊ फूट, आडवा हात पाच फूट, आतून पोकळ. पोकळ का, ते पुढे येईलच. सध्या ला बाहादा गावात दोरिला सिलुपू हिच्या परसात, शेळ्यांच्या कुडाला टेकून मी उभा आहे.

पूर्वी मी झाड होतो. नदीकाठच्या रेताडात उभा राहून शेंगा ढाळायचो. शेळ्या येत, शेंगा खात, सावलीत रवंथ करीत बसत. एकाही शेळीने त्याबद्दल कधी माझ्याभोवती गुडघ्यांवर फेऱ्या मारल्या नाहीत. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची सगळी कटकट माणसांना हे जमत नाही म्हणून झाली.

त्र्याऐंशी साली आमच्या वाळवंटात जानेवारीपासून जूनपर्यंत पाऊस थांबला नाही. मार्चमधल्या एका सकाळी बांध फुटला. नदीने मला मुळासकट उपटले, गावभर फरफटत नेले आणि दोरिलाच्या परसात आणून टाकले. त्याच सकाळी, त्याच पाण्याने तिची भाची मिर्ता नेली.

मिर्ता सहा वर्षांची होती. तिची आई फिदेन्सिया, दोरिलाची थोरली बहीण, शहरात बाळंतपणासाठी गेली होती आणि पोर मावशीकडे होती. पाणी आले तेव्हा दोरिलाच्या डाव्या हातात मिर्ताचा हात होता. उजव्या हातात विणून झालेल्या गवती टोप्यांचा गठ्ठा होता, दोन महिन्यांच्या कामाचा. नदीच्या वळणावर पाण्याचा लोंढा अंगावर आला, तेव्हा पोरीला धरायला दोन्ही हात हवे होते. दोरिलाने गठ्ठा सोडला, पण एका क्षणाने उशिरा. टोप्या बराच वेळ तरंगत राहिल्या.

एवढेच घडले. यापेक्षा जास्त तिने केले नाही आणि कमीही नाही.

नवव्या दिवशी, मृतासाठीच्या प्रार्थना संपल्यावर, फिदेन्सिया परसात आली. तान्हे बाळ कडेवर, डोळे सुजलेले. दोरिला माझ्या आडव्या बुंध्यावर बसली होती, म्हणून पुढचे बोलणे मी स्वतः ऐकले आहे.

"माझं रडून झालेलं नाही, आणि होणारही नाही," फिदेन्सिया म्हणाली. "पण तुझ्यावरचा राग संपलाय. मी तुला माफ केलंय. ऊठ, जेवायला चल."

"एवढ्यात, ताई?"

"मग कधी?"

"मी अजून काही केलंच नाहीये."

"काय करणार आहेस तू? तिला परत आणणार आहेस?"

दोरिला बुंध्यावरून उठली नाही. ती जेवायलाही गेली नाही. महिनाभराने तिने आन्सेल्मो यार्लेके या सुताराला बोलावले आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"याचा क्रूस कर. जड कर."

"किती जड, दोरिला?"

"मला पेलणार नाही इतका."

"पेलणार नाही तो उचलशील कसा?"

"ते माझं मी बघेन. तू लाकूड बघ."

आन्सेल्मोने मान हलवली. त्याचे कसब दारांत, गव्हाणींत आणि शवपेट्यांत होते. माझ्यासारखे काम त्याने पूर्वी केले नव्हते. तरीही त्याने मला नीट घडवले. सांधा तर इतका घट्ट बसवला की त्यात नखही शिरत नसे. काम चालू असताना तो मधूनच थांबे आणि दोरिलाच्या घराकडे पाही. त्या पाहण्याचा अर्थ तेव्हा फक्त मला कळला होता.

दोरिलाचा नवस असा : सात वर्षे, दर शुभ शुक्रवारी, मला खांद्यावर घेऊन चॅपेलपासून नदीच्या त्या वळणापर्यंत जायचे आणि परत यायचे. अनवाणी आणि उघड्या डोक्याने, मार्च-एप्रिलच्या उन्हात. सात झाली, तेव्हा तिने आणखी सात घेतली. या सगळ्या काळात तिने चॅपेलमध्ये प्रसादाची भाकर जिभेवर घेतली नाही. "मी अजून लायक नाही," एवढेच म्हणायची. बहिणीच्या ताटाचा घासही घेतला नाही.

वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी कुडाशी उभा असे. माझ्या हातांवर कपडे वाळत, कोंबड्या बसत. ते दिवस बरे होते, कारण तेवढ्यापुरता मी कोणाच्या उपयोगी पडत होतो.

गावाचे म्हणाल तर गाव खूश होते. मी रस्त्याने निघालो की बायका मला बोट लावून ओठांना टेकवत. "बघा, पश्चात्ताप असा असतो," असे मुलींना सांगत. बायकोवर हात उचलणारा एक इसम दरवर्षी दोरिलाला पाण्याचा पेला द्यायचा आणि हलका होऊन घरी जायचा. या चौदा वर्षांत "बाई, हे खाली ठेव" असे एकालाही सुचले नाही. सुचावे तरी कसे? तिला क्षमा फुकट मिळाली असती, तर यांनी मोजून म्हटलेल्या जपमाळांचे काय झाले असते?

एकाला सुचले, हे मान्य करायला हवे. पाद्रे इलारियो नवे होते, तरुण होते आणि त्यांचे हात मऊ होते. त्यांनी भर रस्त्यात आम्हांला अडवले.

"दोरिला, हा एकदा उचलला गेलाय. दुसऱ्यानं उचललाय, तुझ्यासाठी."

"माहीत आहे, पाद्रे. रोज आभार मानते त्याचे."

"आभार मानतेस, मग घेत का नाहीस?"

"तुम्ही कधी पाण्याची घागर तरी उचललीत का?"

लोक हसले. पाद्रे कानापर्यंत लाल झाले. तरी त्यांनी सांगायचे ते सांगितले : तारण ही मजुरी नाही, दान आहे. कष्टाने मिळते ते दान नव्हे. आणि दान घेतल्यावर माणूस चांगले वागतो तो आनंदाने, भरपाई म्हणून नव्हे. वाक्ये बरोबर होती, पण त्यांचा आवाज चाचरत होता. दोरिलाने सगळे ऐकले, "होय, पाद्रे" म्हणाली आणि मला पुन्हा खांद्यावर चढवले.

स्वर्गाची मला प्रत्यक्ष माहिती नाही, त्यामुळे त्याबद्दल मी दावे करणार नाही. पण मी ज्याची नक्कल आहे, त्या मूळ क्रूसाबद्दल या लोकांचाच दावा असा आहे की तिथे जे करायचे होते ते करून संपले. हे खरे असेल, तर माझे काम काय? आणि खोटे असेल, तर माझ्याने ते कसे होणार? या प्रश्नाचे उत्तर मला ला बाहादात कोणी दिले नाही. दोरिला मूर्ख नव्हती आणि अश्रद्धही नव्हती. त्या क्रूसावर जो मेला त्याच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. फक्त त्याने केले ते पुरेसे आहे, यावर नव्हता.

चौदाव्या वर्षी तिचा खांदा निखळला, तरी तिने तिसऱ्यांदा सात वर्षे घेतली. पंधरावे जवळ आले तसा आन्सेल्मो हत्यारांची पेटी घेऊन परसात आला. रस्त्यावर घासून माझे खालचे टोक झिजे आणि ते तो दरवर्षी दुरुस्त करीत असे, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. या वेळी त्याने टोकातून लांब गिरमिट आत घातले आणि माझा गाभा काढायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी वीतभर, दुसऱ्या वर्षी हातभर, असे थोडे थोडे. भोकाला मेण आणि भुसा यांचे बूच मारून वरून काळा रंग दिला. दुखले का, असे विचाराल तर दुखले. पण माझ्या संबंध आयुष्यात कोणी माझ्याशी केलेली ती सर्वांत शहाणी गोष्ट होती.

"यंदा कमी लागलं," दोरिला सोळाव्या वर्षी म्हणाली. सतराव्या वर्षी परतताना तिने मान वर केली आणि नदीवरचे बगळे पाहिले. मी तिच्या खांद्यावर होतो, मला ते जाणवले. वाटले, आता हळूहळू ही बाई सुटेल.

अठराव्या वर्षी वळणावरच्या दगडावर माझे टोक आपटले आणि बूच निघाले. आतून भुसा सांडला. दोरिलाने मला जमिनीवर ठेवले, भोकात हात घातला. कोपर आत गेले, तरी हाताला काही लागले नाही.

ती मला फरफटत थेट सुताराच्या कारखान्यात घेऊन गेली.

"चार वर्षं! चार वर्षं चोरलीस माझी!"

"चोरली नाहीत," आन्सेल्मो म्हणाला. त्याने हातातला रंधा बाजूला ठेवला. "उचलली."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मी मागितलं होतं तुझ्याकडं?"

"तू कधी कुणाकडं काही मागतेस का?"

"मग का केलंस?"

"तुझा खांदा गेला होता आणि मी सुतार आहे. वैद्य असतो तर खांद्याचं बघितलं असतं."

"आता ती चार वर्षं धरता येणार नाहीत. पुन्हा चालावी लागतील!"

"दोरिला, मोजतंय कोण? तुझ्याशिवाय आणखी कोणी मोजतंय का?"

तिने त्याच्या दारात थुंकण्याचे तेवढे बाकी ठेवले. मला घेऊन नदीवर गेली आणि ओल्या वाळूने माझे पोट गच्च भरले. ओली वाळू लाकडापेक्षा जड असते. आन्सेल्मोने चार वर्षांत काढले त्याहून जास्त तिने एका दुपारी परत घातले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की मी जळून जावे.

पुढची दोन वर्षे सांगत नाही. ती चालली नाही, रांगली.

एकविसाव्या वर्षी मात्र किल्ली फिदेन्सियाकडे आली.

ही आमच्या गावची रीत. पवित्र गुरुवारी पाद्रे चॅपेलमधली प्रसादाची पेटी बंद करतात आणि तिची किल्ली गावातल्या एका घरच्या माणसाच्या गळ्यात घालतात. शनिवारपर्यंत किल्ली त्या घरी. शुक्रवारी दुपारी ते घर सगळ्या गावाला सात पदार्थ जेवू घालते. कोण आले, कोणाशी भांडण आहे, हे विचारायचे नाही. नियम दोनच. एक, किल्लीवाल्याने पहिला घास घेतल्याशिवाय कोणी सुरुवात करायची नाही. दुसरा, यायचे ते रिकाम्या हातांनी. एका वर्षी कोणी गुळाच्या वड्या घेऊन आली होती, तर तिला ते ताट दाराबाहेर ठेवायला लावले होते. हा दुसरा नियम म्हणजे आमच्या गावातले सर्वांत नेमके धर्मशास्त्र आहे, असे माझे मत आहे. गावाला मात्र तो फक्त जेवणाचा नियम वाटतो.

फिदेन्सिया साठी ओलांडलेली होती. किल्ली जन्मात एकदाच मिळते आणि तिची पाळी यायला वीस वर्षे लागली होती. आम्ही तिच्या दारासमोरून नदीकडे निघालो, तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती, गळ्यात किल्ली. मागे अंगणात बाकांवर सारे गाव बसलेले. उकडलेल्या माशांची वाफ रस्त्यापर्यंत येत होती.

"दोरिला, आत ये. ताट वाढलंय."

"हा पोहोचवून येते, ताई."

"परत येईपर्यंत सूर्य कलेल."

"तुम्ही जेवून घ्या."

"तू बसल्याशिवाय मी पहिला घास घेणार नाही," फिदेन्सिया शांतपणे म्हणाली.

अंगणातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मग जो तो परिस्थितीचा अर्थ लावू लागला. सकाळपासून सगळ्यांचा उपास होता.

"अगं दोरिला!" म्हातारा निकानोर ओरडला. "तुझ्या प्रायश्चित्ताला आमची हरकत नाही, पण आमच्या पोटाची आहे!"

"मासा निवला की दगड होतो, बाई!"

"एकवीस वर्षं तू उपाशी, आज आम्ही. पाप कुणाचं नि पोट कुणाचं!"

"फिदेन्सिया, निदान पोरांना तरी वाढ!"

"कुणालाही नाही," फिदेन्सिया म्हणाली.

दोरिलाने मला घेऊन दाराकडे दोन पावले टाकली. दार तीन फुटांचे आणि वाकून शिरण्याइतके बुटके, माझा हात पाच फुटांचा. तिने मला तिरके केले, आडवे केले. कसाही मी आत जाईना.

"त्याला घेऊन नाही," फिदेन्सिया म्हणाली. "रिकाम्या हातांनी. नियम ठाऊक आहे ना तुला?"

"ताई, माझ्यानं होत नाही."

"तुझ्यानं काय होत नाही? तीन मैल हे धूड वाहणं होतं आणि बाकावर बसणं होत नाही?" इथे तिचा आवाज फाटला. "मी नवव्या दिवशी माफ केलं. तेव्हा हा क्रूस नव्हता, ओंडका होता. तू एक पाऊलही चालली नव्हतीस. आणि एकवीस वर्षं दर शुक्रवारी तू माझ्या दारावरून जातेस नि गावाला सांगतेस, फिदेन्सियाची माफी पुरी पडत नाही. पोर माझी गेली, दोरिला. माफ करायचा हक्क माझा होता. मी केलं. तू मला खोटं पाडतेस!"

दोरिला उभी होती. मी अजून तिच्या खांद्यावर होतो. लाकडाला प्रार्थना करता येते की नाही हा वादाचा विषय आहे, पण मी त्या क्षणी जे केले त्याला दुसरे नाव मला ठाऊक नाही. मी म्हटले : मला खाली ठेव. बाई, मला खाली ठेव.

"मला लाज वाटते, ताई," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त आम्हा दोघांना ऐकू गेले.

"वाटू दे. लाज घेऊन ये. ती आत आणलेली चालते."

तिने मला भिंतीला टेकवले. मी नीट टेकलो नाही, घसरलो आणि आडवा पडलो. टोकातून वाळू सांडू लागली. ती बराच वेळ सांडत राहिली आणि उघड्या दारातून मी आत पाहत राहिलो.

दोरिला बसली. फिदेन्सियाने पहिला घास घेतला आणि अंगणात एकदम ताटांचा आवाज उठला. कोणी दोरिलाकडे पाहिले नाही. भुकेल्या माणसांच्या अंगी एवढी सभ्यता आपोआप येते. निकानोरचा पहिला पदार्थ संपतो न संपतो, तोच ही बाई उठली आणि त्याचे रिकामे ताट उचलू लागली.

"खाली ठेव ते."

"निदान एक ताट घासते, ताई..."

"आज या घरात तुला काहीही करायचं नाही. खा."

मी तिला एकवीस वर्षे वाहताना पाहिले आहे. त्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसणे हे तिचे सर्वांत अवघड काम होते, हे मी खात्रीने सांगू शकतो. तिने पिकल्या केळ्यांचे कालवण बोटाने उचलले, वर बकरीचे चीज होते. तोंडात घातले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"गोड आहे," ती म्हणाली.

"मग? केळी पिकली की गोडच होतात," फिदेन्सिया म्हणाली आणि आणखी वाढले.

इथे थांबता आले असते तर मला आवडले असते. पण दुसऱ्याच दिवशी दोरिला अर्धे पोते मका घेऊन बहिणीच्या दारात गेली. हे मला शेजारणीच्या बोलण्यातून कळले. "हे कशाचं?" "कालच्याचं." फिदेन्सियाने तिला खांदे धरून उलटे फिरवले, मका परत पाठवला आणि वर स्वतः विणलेली एक गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. पुरानंतर दोरिलाने अशी टोपी ना विणली होती, ना घातली होती. घरी येऊन तिने ती माझ्या डाव्या हातावर टांगली आणि वर्षभर हात लावला नाही. दिलेली वस्तू खुंटीला टांगून ठेवायची, ही माणसांची आणखी एक तऱ्हा.

तुमच्यापैकी कोणाच्या परसात माझा एखादा भाऊबंद उभा असेल, तर त्याच्या वतीने विनंती करतो. आम्हांला तुमच्या खांद्याची गरज नाही. आमच्याकडून तुम्हांला काही मिळणारही नाही. जे मिळायचे ते दुसऱ्या कोणी कधीच दारात आणून ठेवले आहे आणि तुमच्यामुळे आत लोक उपाशी बसले आहेत.

आज पुन्हा शुभ शुक्रवार. यंदा किल्ली गावाच्या दुसऱ्या टोकाला, माठ करणाऱ्या चेरोंच्या घरी आहे. तिथे दोरिलासाठी कोणी घास रोखून धरणार नाही. ती गेली काय, न गेली काय, त्यांना पत्ताही लागणार नाही. सकाळपासून ती परसात घुटमळत होती. एकदा माझ्याजवळ येऊन तिने खांदा माझ्याखाली लावून पाहिला. मी सहज उचललो गेलो, कारण आता माझ्यात वाळू नाही, गाभा नाही, फक्त गांधीलमाश्या आहेत. ती दचकली आणि मला परत टेकवून घरात गेली.

दुपार झाली. ती बाहेर आली, कुडाचे दार उघडले, दहा पावले चालली आणि थांबली. मग वळली आणि सरळ माझ्याकडे येऊ लागली. मला तिची चाल पाठ आहे. म्हटले, झाले. बावीस.

तिने हात वर केला आणि माझ्या हातावरची टोपी काढली. तिच्यावरची वर्षभराची धूळ झटकली, टोपी डोक्यावर घातली, जरा पुढे ओढली आणि निघाली. चालताना हातांचे काय करावे हे तिला कळत नव्हते. ती ते कधी पाठीमागे घेई, कधी पुढे बांधी, कधी नुसतेच लोंबू देई. रिकामे होते ना.